विमलआत्याची उतरंड

मादालेना, पिको बेट
५ जून २०२५

ती. विमलआत्यास नंदूचा नमस्कार.

आत्या, पोहोचले गं! अटलांटिक महासागराच्या ऐन मधोमध, पिको नावाच्या बेटावर, एका काळ्या दगडी घरात बसून लिहितेय. विमान इतकं लहान की आपली कर्जतची एस.टी. मोठी वाटावी. शेजारच्या माणसाने खिडकीकडे बोट केलं आणि पाहते तर काय, खाली सगळे ढग आणि ढगांच्या वर एकटा डोंगर! मी मोठ्याने "आई गं!" म्हणाले. त्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण तो हसला. त्याला कळलं.

हा डोंगर म्हणजे ज्वालामुखी. लगेच देव पाण्यात घालून बसू नकोस. शेवटचा खवळला त्याला तीनेकशे वर्षं झाली. पण अख्खं बेट त्याच्याच पोटातून आलंय. रस्ते काळे, किनारा काळा, घरं काळी. आणि त्या काळ्या घरांना लालभडक दारं! आत्या, तू पाहिलं असतंस तर "नवरीला कुंकू लावलंय" म्हणाली असतीस. शाळेत भूगोलाच्या बाई सांगायच्या की आपल्या माळावरचा काळा पाषाणसुद्धा ज्वालामुखीचाच. तेव्हा खरं वाटलं नव्हतं. आज इथल्या कुंपणाच्या भिंतीवर हात ठेवला आणि वाटलं, अरे, हा तर मिरजगावचा दगड! फक्त आपला म्हातारा झालाय आणि हा अजून तरणा आहे, धारदार.

लिस्बनच्या ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणी सुट्टीत वाळूत लोळायला गेल्या. मी मात्र डोंगर चढायला आलेय. माझी घरमालकीण फिलोमेना, पन्नाशीची असेल, स्वतः डोंगरावर लोकांना घेऊन जाणारी वाटाड्या आहे. शिवाय तिची द्राक्षांची बाग आहे. बाग म्हणजे आपल्यासारखे मांडव नाहीत हं. जमिनीवर पसरलेले वेल आणि भोवती दगडांच्या छोट्या छोट्या भिंती, समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून. पण या आठवड्यात त्यांचा मोठा सण आहे आणि गावजेवणाचे पाव तिच्याकडे आहेत. "तू एकटी जा," म्हणाली, "वाटेवर खांब रोवलेत. खांब सोडायचा नाही, बस." परवा जाणार आहे.

तुझं सांग. घराचा विषय काढलास का अप्पांकडे? की पुन्हा भाजीत मीठ जास्त झालं आणि विषय राहिला?

तुझी,
नंदू


मिरजगाव
६ जून

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. मी नेहमीप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतेय. फोनवर बोललं की तुझा बाप पलीकडच्या खोलीतून कान देतो आणि मधेच "काय म्हंती पोरगी?" करतो. कागदाला कान नसतात.

घराचा विषय काढला नाही. काढते म्हणते आणि जीभ टाळ्याला चिकटते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे माझं मलाच वाचता येईल. तुझे आतोबा, म्हणजे माझे मालक गेले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. कानिफ, तुझा बाप, स्वतः गाडी घेऊन आला आणि मला माहेरी घेऊन आला. तेव्हापासून या घरात आहे. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, खोटं कशाला सांगू? तुझ्या आईचं नि माझं चांगलं जमतं. पण अंगणवाडीत कामाला होते तेव्हा रस्त्यापलीकडची दोन गुंठे जागा घेतली ती उगाच नाही. मला दोन खोल्या हव्यात. माझी चूल, माझं दार, आणि दाराला माझं कुलूप. साठी उलटली नंदू, अजून एकदाही स्वतःच्या दाराला कुलूप लावून कुठं गेले नाही. एवढीच हौस आहे आणि ती मला फार आहे.

आता कामाचं. तू डोंगरावर चालली आहेसच, तर माझ्यासाठी एक उतरंड रच. आपल्या देवीच्या डोंगरावर बाया रचतात तशी, दगडावर दगड. घर होऊ दे म्हणायचं आणि मागं वळून न बघता निघायचं. पाच दगड घे, खालचा थोराड, वर बारीक होत जाऊ देत. मी तीनदा रचली होती. पहिली वाऱ्याने पडली. दुसरी शेळीने पाडली. तिसरीला तुझ्या बापाचा पाय लागला. मुद्दाम नाही म्हणाला. मीही मुद्दाम विश्वास ठेवला.

आपल्या देवीला माझा कंटाळा आला असेल. तुझ्या डोंगराला विचारून बघ. तो जागेवरून उठून समुद्रातून वर आलाय म्हणतेस, म्हणजे त्याला घर सोडणं न् घर करणं दोन्ही माहीत असणार. त्याने कौल दिला तर मी कानिफशी बोलेन आणि कुदळ मारेन. शब्द देते.

दुरून डोंगर साजरे असतात, जवळ गेलं की गुडघे बोलतात. मी पाठवलेले लाडू सोबत ठेव.

तुझी आत्या,
विमल

ता. क. तिथं डोंगरावर देव कुठला आहे ते विचार. नाव घेऊन रचलेली बरी.


मादालेना
८ जून, रविवार

ती. आत्यास नमस्कार.

आत्या, आत्या, आत्या! चढले! पाय माझे राहिलेले नाहीत, जिना उतरताना बाळासारखी बसत बसत उतरते, पण चढले!

पायथ्याच्या चौकीत एका मुलाने विचारलं, याआधी डोंगर चढलाय का? मी तोऱ्यात सांगितलं, कळसूबाई. त्याला काही कळलं नाही, पण मला बळ आलं. त्याने गळ्यात एक यंत्र दिलं, मी कुठे आहे ते खाली दिसावं म्हणून. त्यानंतर मी आणि डोंगर. सुरुवातीला झुडपं, मग गवत, मग नुसता दगड. आणि दगड तरी कसा! कुठे कुठे तो वाहता वाहता गोठलाय, अगदी तू शेवया वळून त्यांची चुंबळ करतेस तसा. मी हात लावून लावून पाहत होते. एकदा हा पातळ होता, आत्या! हा दगड कढीसारखा उकळत इथून खाली गेला होता!

कड्याच्या जरा खाली होते तेव्हा ढग आला. आला म्हणजे कुणी पदर टाकावा तसा अंगावर पडला. पुढचा खांब दिसेना. मी एका मोठ्या सपाट खडकावर बसले आणि तुझी आठवण झाली. दगडांना काय तोटा! पाच निवडले. चौथा दोनदा घसरला, पाचवा मात्र असा बसला की जणू त्याची जागा ठरलेलीच होती. मोठ्याने म्हणाले, "विमलआत्याचं घर होऊ दे." देवाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून "हे डोंगरा" म्हणाले. फोटो काढला आणि मागे न बघता निघाले. आणि खरं सांगते, दहा पावलं गेले नाही तोच ढग फाटला आणि समोर खांब!

वर मोठा खड्डा आहे, ज्वालामुखीचं तोंड, आणि त्यात पुन्हा एक लहान सुळका. शेवटी हातापायांवर चढावं लागतं. सुळक्यावर पोहोचले आणि सवयीने देऊळ शोधायला लागले. सगळीकडे पाहिलं. घंटा नाही, शेंदूर नाही, निशाण नाही. काहीच नाही गं! मग म्हटलं, नसेना, आपली रीत आपण पाळावी, आणि बूट काढले. एक पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. दगड टोचत होते पण गरम होते, आत्या. फटींतून वाफ येते, तव्यापासून जरा लांब हात धरावा तशी. म्हणजे हा आत अजून जागा आहे. तुझा लाडू फोडला, एक तुकडा दगडाला, एक त्या पोरीला, बाकीचा मला. खाली ढगांचा समुद्र, त्यातून पलीकडचं लांबोडकं बेट मगरीसारखं पडलेलं. मी रडले. कशासाठी ते विचारू नकोस, आनंदाने रडले एवढं खरं.

फोटो पाठवतेय. तुझी उतरंड बघ, कशी ताठ उभी आहे!

आता गावजेवणाला निघालेय. जो येईल त्याला फुकट जेवण, ओळख असो नसो. थेट आपला भंडारा. फक्त बुंदीऐवजी गोड पाव.

तुझी,
नंदू


मिरजगाव
१० जून, वटपौर्णिमा

चि. नंदूस आशीर्वाद.

गल्लीतल्या सगळ्या बाया वडाकडे गेल्यात, तुझी आईही. घरात मी एकटी, म्हणून निवांत लिहिते.

फोटो पाहिला. पाहिला म्हणजे काय, बोटांनी मोठा करून करून पाहिला. पाचवा दगड कसा बसलाय गं! मला तर वाटलं कुणीतरी माझ्या दाराची चौकटच उभी केली. कौल मिळाला म्हणून आनंद, आणि आता बोलावं लागणार म्हणून भीती.

काल जेवताना बोलले. कानिफचा घास हातात राहिला.

"आक्का, हितं काय कमी पडतंय तुला?"

मी म्हटलं, "काई कमी न्हाई."

"मंग भाईर जाऊन ऱ्हायचं कशापायी? उद्या गाव म्हनंल, कानिफनं थोरल्या बहिनीला घराभाईर काढलं. माज्या जित्तेपनी व्हायचं न्हाई ह्ये."

"भाईर कुटं? रस्त्याच्या पल्याड तर हाय."

"रस्ता वलांडला की भाईरच."

आणि ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. तुला माहीत आहे, तो ताटात कधी टाकत नाही. तुझी आई मला हळूच म्हणाली, "आक्का, तुमी माघार घिऊ नका. ते गावाला भ्येत्यात, तुमाला न्हाई." मोठ्या मनाची आहे तुझी आई. तेव्हापासून कानिफ माझ्याशी बोललेला नाही. मला काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगतो, "चहा झालाय म्हनावं."

पूर्वी असतं तर मी माघार घेतली असती. आता नाही. श्रीमंत गवंड्याला सांगून ठेवलंय, शुक्रवारी सकाळी कुदळ मारायची. मे महिन्यातल्या पावसाने माळ अजून मऊ आहे, खोदाई सोपी जाईल म्हणतो. कानिफ आला तर आला. त्याच्याशिवाय नारळ फोडायला माझं मन होणार नाही, ते आत्ताच कळतंय. पण समुद्रात, ढगांच्या वर माझी उतरंड उभी आहे. ती उभी आहे तोवर मी उभी आहे.

डोंगरावर देव नाही हे काही पटलं नाही. वाफ कोण सोडतं मग?

तुझी आत्या


मादालेना
११ जून

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. छान वाटलं.

इथे मजेत आहे. काल एका भुयारात गेले होते. लाव्हा आतून वाहून गेला आणि वरचा थर तसाच राहिला, त्याचं झालेलं भुयार. डोक्याला टोप, हातात विजेरी, आत गारेगार. छतावरून दगडाचे थेंब लोंबतात. समुद्रात देवमासेही दिसले, म्हणजे पाठ दिसली आणि कारंजं दिसलं. कड्यावर एक म्हातारा दुर्बीण लावून बसतो आणि कुठे दिसतात ते होडीवाल्यांना कळवतो. निळ्या फुलांची कुंपणं आहेत मैलोगणती. गाई फार आहेत. गाई धडधाकट आहेत.

आत्या, एक विचारू? कुदळ शुक्रवारीच मारायला हवी का? चार दिवस पुढे ढकलता येईल का? अप्पांचा राग निवळू दे जरा. घाई कशाला?

तब्येतीला जप.

तुझी,
नंदू


मिरजगाव
१२ जून

राजनंदिनीस,

आता कळलं. तुझ्या बापाने तुला फोन केला ना? "समजाव आत्याला" म्हणाला असेल. आणि तू समजावायला निघालीस.

गाई धडधाकट आहेत म्हणे! अगं, तू चार ओळीत भुयार संपवलंस? तू? साधी विहीर पाहून आली तरी तासभर सांगणारी पोरगी तू. आणि उतरंडीबद्दल एक शब्द नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? सरळ लिही, "आत्या, नको बांधूस घर."

सगळ्या जगाने नको म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. तुझी मात्र मला खात्री होती. तुझ्या फणी-वेणीपासून दहावीच्या अभ्यासापर्यंत मी तुझ्याजवळ बसले ते काही उपकार म्हणून नाही, पण आज आठवलं. वाईट वाटलं, तेही लिहून टाकते.

कुदळ उद्याच आहे.

विमल


मादालेना
१२ जून, उशिरा रात्री

ती. आत्यास,

अप्पांचा फोन आला नाही गं. शपथ. मी घराच्या विरोधात नाही. मी घाबरले होते. आता सगळं खरं सांगते, मग तू मला काय बोलायचं ते बोल.

मंगळवारी संध्याकाळी फिलोमेना चौकीवरून काळजीत आली. डोंगरावर एक वयस्क नवरा-बायको ढगात वाट चुकले होते. कड्याच्या भलत्याच बाजूला उतरायला लागले, बाईंचा पाय मुरगळला. गळ्यातल्या यंत्रामुळे सापडले, दोघं सुखरूप आहेत, आधी हे सांगते. ती म्हणाली, "कुणीतरी वाटेबाहेर दगड रचलेत. खांब दिसेनासे झाले की माणसं दगडांच्या राशीला वाटेची खूण समजतात."

आणि आत्या, मला तेव्हाही कळलं नाही! मी उत्साहाने फोन काढला आणि म्हणाले, "आमच्याकडेही दगड रचतात, घर व्हावं म्हणून, हे बघा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने फोटो पाहिला आणि खुर्चीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "उद्या पहाटे बूट घालून तयार राहा. जिने रचली तिनेच काढायची."

पहाटे निघताना तुझं पत्र आलं. "ती उभी आहे तोवर मी उभी आहे." ते वाचून मी डोंगर चढले. पहिल्या वेळी वाटलं नव्हतं इतका उंच वाटला तो. उतरंड तिथेच होती, सपाट खडकावर, ढगातून अगदी लांबून दिसत होती. माणसं चुकणार नाहीत तर काय! फिलोमेना बाजूला उभी राहिली. मी पाचवा दगड उचलला, मग चौथा. जिथून घेतले होते तिथे ठेवले. मी रडतेय असं पाहून ती म्हणाली, "दगडासाठी रडतेस?" मग मी तिला सगळं सांगितलं. तू, अप्पा, दोन गुंठे, कुलूप, तीन पडलेल्या उतरंडी.

आज दुपारी ती मला तिच्या बागेत घेऊन गेली. समुद्राच्या अगदी काठाला. हिवाळ्यातल्या वादळात एका भिंतीला खिंडार पडलं होतं. ती म्हणाली, "हे बेट म्हणजे सगळा दगड. माझ्या पणज्याने तो वेचला, रचला, तेव्हा कुठे मधे वेलाला जागा झाली. आम्हीही दगडावर दगडच ठेवतो. पण जिथे गरज आहे तिथे. इथलेच पाच दगड घे आणि तुझ्या आत्याच्या नावाने इथे ठेव."

मी ठेवले. चुना नाही, माती नाही, नुसते दगडात दगड अडकवायचे. तिने दोनदा मला काढायला लावले, नीट बसले नव्हते म्हणून. तिसऱ्या वेळी तिने भिंतीवर पाय देऊन पाहिलं आणि मान हलवली.

तर असं आहे. भिंत उभी आहे, पण कौल मात्र मोडला, आणि तो मी माझ्या हातांनी मोडला. हे तुझ्यापासून लपवून तू कुदळ मारलीस तर ते मला आयुष्यभर खुपलं असतं. आता तू ठरव. तू थांबलीस तरी मी तुझीच, आणि बांधलंस तरी तुझीच.

नंदू


मिरजगाव
१५ जून

चि. नंदूस उदंड आशीर्वाद.

आधी माझी चूक पदरात घे. त्या पत्रात मी तुला राजनंदिनी म्हटलं, ते मागे घेते. नंदू ती नंदूच.

आता ऐक. शुक्रवारी सकाळी मी, तुझी आई आणि श्रीमंत गवंडी जागेवर पोहोचलो. श्रीमंतने चुन्याची फक्की मारून दोन खोल्या आखल्या होत्या. आखलेल्या रेघांतून मी चालून पाहिलं, इथं चूल, इथं पाटा-वरवंटा, इथं खाट. नंदू, फक्कीच्या घरात सुद्धा माझी ऐट बघायला हवी होतीस तू! नारळ ठेवला, कुदळीला हळदकुंकू लावलं, आणि तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. तुझं पत्र. उघडू नये असं मन म्हणत होतं. उघडलं.

उभ्या उभ्या वाचलं. श्रीमंत म्हणाला, "आक्का, यळ जातीय."

चौथी उतरंडही गेली. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, झालं, गुंडाळा सगळं. मग वाटलं, ही पोरगी परक्या डोंगरावर एकटी चढली, कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून माझी उतरंड स्वतःच्या हाताने उतरवली, आणि मला खरं सांगितलं. आणि मी थोराड बाई पाच दगडांच्या जोरावर उभी राहणार? दगड नाहीत म्हणून बसणार? राग आला मला, माझाच. त्या रागात कुदळ उचलली आणि मारली. एक, दोन, पाच मारल्या. श्रीमंत म्हणाला, "आक्का, एकच मारायची अस्ती, बाकी आमाला ठिवा."

नारळ फोडायला वाकले आणि खरंच मन होईना. तेव्हा पाहिलं, रस्त्यावर कानिफ उभा. कधीचा उभा होता देव जाणे. भिंत नव्हती, म्हणून त्याला माझ्याशीच बोलावं लागलं.

"काय लिवलंय पोरीनं?"

मी सांगितलं. उतरंडीचं, वाट चुकल्याचं, सगळं.

"म्हंजी तिकडं पन पडली."

"पडली न्हाई. काढली."

नारळ माझ्या हातातून घेतला आणि त्याने फोडला. एका फटक्यात. मग तिथंच बसून राहिला, दुपारपर्यंत. पहिला कोपरा खोदून झाला तसा उठला, ढिगातला सगळ्यात मोठा काळा दगड कवटाळला, श्रीमंतला हात लावू दिला नाही, आणि लटपटत खड्ड्यात उतरून कोपऱ्यात बसवला. आणि नंदू, त्याच्यावर पाय ठेवून उभा राहिला. दोन्ही पाय. म्हणाला, "ह्यो उतरंडीचा न्हाई आक्का, पायाचा हाय. ह्याला आता माजा पाय लागूं दी, न्हाईतर कुनाचा. पडायचा न्हाई."

मुद्दाम नव्हतं म्हणाला होता तेव्हा. इतकी वर्षं त्याच्याही मनात ते होतंच तर! मला हसूही आलं आणि डोळेही भरले. त्याचेही भरले होते, पण तो धुरळा उडाला म्हणाला. मऊ मातीत कसला धुरळा?

मग श्रीमंतकडे वळला. "दार हिकडं ठिवायचं. माज्या दाराकडं तोंड करून. सकाळी उठलो की आक्का दिसली पायजे."

श्रीमंत हादरला. "ती दक्षिण हाय, अप्पा. दक्षिणेला दार कुनी ठिवतं व्हय? गाव काय म्हनंल?"

कानिफ म्हणाला, "गावाला ऱ्हायचंय का हितं?"

मी प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला गं. घर पाहावं बांधून म्हणतात ते खरं, माणसंही त्यातच कळतात.

आता तुझ्या फिलोमेनाबाईला सांग, ते पाच दगड तुमच्या भिंतीचेच. त्यांना सांभाळा, त्यांच्याआड वेल चांगला धरू दे. त्या पाय मुरगळलेल्या बाईंना मात्र माझ्या वतीने दोन शब्द लिही, आणि माझ्याकडून लाडू पोहोचव, कसा ते तू बघ. आणि दिवाळीला ये. पाया भरायला घेतलाय. दार दक्षिणेला, आणि रंग मी ठरवलाय, लाल.

कालच कुलूप आणलं. दाराचा पत्ता नाही, पण कुलूप आणलं. दोन किल्ल्या आल्यात. एक माझ्या कमरेला आहे. दुसरी कोनाड्यात ठेवलीय. कानिफ मागत नाही, पण येता-जाता तिच्याकडे बघतो. देणार आहे मी त्याला. जरा वाट बघू दे.

तुझी आत्या,
विमल